पन्नासवरची लाल रेघ

तलावावर त्याला सगळे फिटर म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून होतं. वर तरणतलाव आणि खाली बॉयलरची खोली अशी ती इमारत होती. वर लोक पोहत आणि खाली हा एकतीस वर्षं त्यांचं पाणी तापवत आला होता. बर्नर पेटला की तो डोळे मिटून क्षणभर ऐके आणि हवा जास्त आहे की कमी, जाळी तुंबली आहे की पंखा थकला आहे, ते मीटरकडे न बघता सांगे. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. चुकलं तर तो मीटरला नावं ठेवी. या कानाचा त्याला फार अभिमान होता आणि पुढे जे काही झालं ते त्या अभिमानातूनच झालं.

रोज सकाळी तलावावर पहिला येई तो एक निवृत्त पोस्टमास्तर. पायाचा अंगठा पाण्यात बुडवून तो जाहीर करी, "आज अर्धा अंश कमी आहे." त्याला सगळे थर्मामीटर म्हणत. फिटरचं आणि त्याचं हाडवैर होतं आणि त्या वैराशिवाय दोघांनाही करमत नसे.

फिटरला मूलबाळ नव्हतं. होती ती थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण पाळीच्या नोकरीवर असे, म्हणून ही भाची शाळा सुटली की थेट बॉयलरच्या खोलीत यायची. फिटर तिला पालथ्या बादलीवर बसवायचा आणि विचारायचा, "ऐक, काय म्हणतेय ज्योत?" ती गंभीर चेहरा करून सांगायची, "भूक लागली म्हणतेय." मग तो गॅस थोडा वाढवायचा आणि ती खूश व्हायची. त्याने तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं. ती मोठी झाली, शिकली, चष्मा लागला, तरी त्याच्या तोंडी ठिणगीच राहिली.

ही ठिणगी आता भुशाचं तेल काढत होती. लाकडाच्या गिरणीत भुशाचे ढीग पडतात. तो भुसा हवा लागू न देता ती एवढ्या झटक्यात तापवायची की त्याला जळायला सवडच मिळायची नाही. त्याची वाफ व्हायची आणि ती गार केली की काळपट तपकिरी तेल हाती लागायचं. वास अर्धा धुराचा, अर्धा व्हिनेगरचा. नुसतं पेटवायला गेलं तर हे तेल शंभर नखरे करी. पण गॅसच्या ज्योतीच्या मधोमध त्याचा बारीक फवारा सोडला की गॅस त्याला सांभाळून घेई आणि ते मुकाट जळे. दहा वाटे उष्णतेतले सहा गॅसचे, चार तेलाचे, असा तिचा हिशेब होता. गिरणीच्या मागच्या शेडमध्ये ती आणि तिच्या हाताखालच्या दोन बायका तीन वर्षं या तेलापायी राबत होत्या.

तलावाच्या समितीने तिला तीन महिन्यांची चाचणी दिली होती. शेवटची तपासणी एका सोमवारी होती. त्यात पास झालं तर तलाव, शेजारची शाळा आणि दवाखाना, तिन्ही बॉयलर तिच्या तेलावर चालणार होते. नापास झालं तर शेडला टाळं लागणार होतं. मधला मार्ग नव्हता.

पहिल्या दिवशीच तिने तेलाच्या टाकीवरच्या हीटरची गोल चकती फिटरला दाखवली. आईचं नेलपॉलिश आणून तिने पन्नासच्या आकड्यावर लाल रेघ ओढली होती.

"मामा, याच्या पुढे नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. ऐक. फर्नेस ऑइल तापवलं की पातळ होतं आणि गोष्ट संपते. हे जास्त तापवलं की आधी पातळ होतं आणि मग आतल्या आत घट्ट होत जातं. एकदा घट्ट झालं की परत पातळ होत नाही."

"म्हणजे अंड्यासारखं."

"अगदी अंड्यासारखं. जाड वाटलं तर हा स्पिरिटचा डबा. मोजून घालायचं, ढवळायचं आणि मला फोन करायचा."

"आणखी काही शिकवायचं राहिलंय?"

"शिकवत नाही रे. सांगतेय."

अंड्याची उपमा त्याची स्वतःची होती. म्हणजे त्याला कळलं नव्हतं, असं म्हणायलाही जागा नव्हती.

तपासणीच्या आदल्या शनिवारी कडाक्याची थंडी पडली. दुपारी फिटरने बर्नरच्या काचेतून पाहिलं, तर ज्योतीची पिवळी शेपटी लांबली होती आणि तिच्यातून कण उडत होते. आवाजातही खरखर होती. फवारा नीट फुटत नव्हता. त्याने टाकीत पट्टी बुडवून वर काढली, तर तेल थेंबाथेंबाने पडायच्या ऐवजी तारेने लोंबत होतं. तेल जाड झालं होतं.

स्पिरिटचा डबा भिंतीशी होता. त्याने तो उचललाही. मग त्याच्या मनात आलं की चांगल्या तेलात स्पिरिट ओतायचं म्हणजे दुधात पाणी घालायचं. सोमवारी समितीच्या बाई विचारतील, डबा अर्धा का? म्हणजे तुमचं तेल स्वतःच्या पायावर उभं राहत नाही तर. पोरीला खाली बघावं लागेल. त्याने डबा ठेवून दिला. खिशातून फोन काढला आणि तोही परत ठेवला. ती बिचारी सोमवारची कागदपत्रं जुळवत असेल, तिला कशाला घोर लावायचा? हे झालं वरवरचं कारण. आतलं कारण असं होतं की या बॉयलरला गॅस यायच्या आधी बारा वर्षं त्याने फर्नेस ऑइल जाळलं होतं. तेल जाड झालं तर काय करायचं, हे त्याने आता भाचीला फोन करून विचारायचं?

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं उगाच म्हणत नाहीत. फिटरने चकतीला हात घातला आणि लाल रेघेवरून ती पुढे फिरवली. साठ, सत्तर. रविवारी तलाव बंद असतो, टाकी गार पडेल, जरा जास्तच असू दे, असा विचार करून तो नव्वदवर थांबला.

अर्ध्या तासात तेल खरंच पातळ झालं. ज्योत आखूड झाली, नीट झाली, खरखर गेली. फिटरने डोळे मिटून ऐकलं आणि स्वतःशीच मान डोलावली. संध्याकाळी त्याने तेल बंद केलं, नळी रोजच्यासारखी धुतली, सगळं जिथल्या तिथे ठेवलं आणि शीळ घालत घरी गेला. बायकोला म्हणाला, "आपल्या ठिणगीचं काम फत्ते." चकती नव्वदवर होती. तेल शनिवारी रात्रभर तापलं आणि सगळा रविवार तापत राहिलं.

सोमवारी तो सकाळी सहालाच आला आणि पहिल्यांदा चकती मागे फिरवून लाल रेघेवर आणून ठेवली. तिला उगाच काळजी नको, एवढंच तेव्हा त्याच्या मनात होतं. टाकीचं झाकण काही त्याने उघडून पाहिलं नाही.

दहाला मंडळी खाली उतरली. समितीच्या अध्यक्षीणबाई, मॅनेजर, धुराड्यात नळी घालून धूर मोजणारा तपासनीस आणि बोलावणं नसताना थर्मामीटर. तो टॉवेल खांद्यावर टाकूनच आला होता. भाचीने नवी वही आणली होती आणि ती छातीशी धरून ती उभी होती. फिटरने गॅस पेटवला. निळी ज्योत झकास लागली. भट्टी तापल्यावर भाची हसून म्हणाली, "सोड, मामा."

त्याने तेलाची तोटी उघडली. पंप कण्हला. दाबाचा काटा वर चढला आणि धाडकन खाली आला. नळीने दोनतीन काळे गोळे थुंकले, ते भट्टीच्या पाठीला चिकटून धुमसत राहिले आणि बर्नर स्वतःहून बंद पडला. खोलीभर आंबट धूर कोंडला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा पंपच फिरेना.

भाचीने टाकीचं झाकण उघडलं. वर चार बोटं तपकिरी पाणी होतं आणि त्याखाली काळा डिंक. तिने त्यात काठी घातली. काठी उभीच्या उभी राहिली.

"हीटरला कुणी हात लावला होता का?" मॅनेजरने विचारलं.

सगळ्यांच्या माना चकतीकडे वळल्या. काटा लाल रेघेवर होता.

"नाही," फिटर म्हणाला. "पन्नासवरच आहे."

दुसरं वाक्य खरं होतं आणि त्याच्या आधाराने पहिलं तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर ते परत गिळता येईल असं त्याला एक क्षण वाटलं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात भाची मॅनेजरला म्हणाली, "मामा असताना हीटरला कोण हात लावेल?" आणि ते तोंड मिटलं.

गॅस पूर्ण चढवून त्याने बर्नर पुन्हा चालू केला. त्यामुळे वरचं पाणी एक अंशही उतरलं नाही. अध्यक्षीणबाई जाताना म्हणाल्या, "फिटर होता म्हणून निभावलं." वर जाऊन थर्मामीटरने अंगठा बुडवला आणि जिन्यातून खाली वाकून ओरडला, "आज अगदी बरोबर आहे." एकतीस वर्षांत त्याने असं एकदाही म्हटलं नव्हतं. फिटरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली काँक्रीट होतं.

मंगळवार आणि बुधवार टाकी खरवडण्यात गेले. लाकडी उलथण्यांनी तो डिंक काढायचा, स्पिरिटने पुसायचा आणि पुन्हा खरवडायचा. भाची टाकीत कमरेपर्यंत वाकून काम करत होती आणि फिटर तिच्या हातात बादली देत होता.

"माझ्यापायी तुझ्या हातांची काय दशा झाली बघ," ती म्हणाली.

"असू दे."

"तुला इतका भरवसा होता माझ्या तेलावर. सगळ्यांसमोर तुला तोंडघशी पाडलं मी."

फिटर बादली घेऊन उठला आणि रिकामी करायला बाहेर गेला. बादली अर्धीसुद्धा भरली नव्हती. बाहेर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सांगून टाक, असं तो स्वतःला म्हणाला. मग म्हणाला, आत्ता नको, ती दमली आहे. असल्या वेळी माणसाला दुसऱ्याची फार दया येते. पाच मिनिटांनी तो आत आला आणि उलथणं घेऊन कामाला लागला.

बुधवारी दुपारी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शेडमध्ये भुसा वाळवायचं काम एक पोक्त बाई करायची. भाचीने दोघींना विचारल्यावर तीच रडायला लागली. एके दिवशी वाळवणी आपण लवकर बंद केली होती, भुसा ओला राहिला असेल, असं तिने आपणहून कबूल केलं. भुशात ओल असली तर तेलात पाणी उतरतं आणि मग तेल आणि पाणी वेगळं होतं.

"मग?" फिटरने विचारलं.

"मी तिला थोडे दिवस येऊ नका म्हटलं. वाईट वाटलं रे. पण काहीतरी तर झालंय ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण फिटर आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आला होता. ती आता त्याच्या घशात अडकली. त्या बाईला त्याने एकदाच पाहिलं होतं. शेडच्या दारात उभी राहून तिने त्याला विचारलं होतं, आमचं तेल नीट जळतं का हो? आणि त्याने ऐटीत सांगितलं होतं, माझ्या हाताखाली सगळं नीट जळतं.

त्या दिवशी कामावरून तो बहिणीकडे गेला. एवढ्या थंडीत स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि तरी घरभर धुराचा आंबट वास होता. शेगडीवर पसरट पातेल्यात पाणी, पाण्यात तेलाच्या सहा बाटल्या आणि एक थर्मामीटर. हा काचेचा, पोस्टमास्तर नव्हे.

"तीन दिवस माझ्या शेगडीवर हेच शिजतंय," बहीण म्हणाली. "धड जेवली नाही कार्टी. तू समजाव तिला. तुझं ऐकते ती."

"ताई, मी काय सांगणार तिला?"

"मग कोण सांगणार? लहानपणापासून तुझं म्हणणं म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ."

भाचीने एक बाटली उचलून तिरकी केली. तेल सुळकन एका बाजूला गेलं.

"हे बघ, मामा. टाकीतलं तेल काढलं त्याच दिवशीचं हे. तीन दिवस पन्नासवर ठेवलंय. काही होत नाही. यात मुद्दाम पाणी घातलंय, तरी तसा डिंक होत नाही. असा डिंक फक्त एकाच गोष्टीने होतो, जास्त तापवल्यावर. आणि ते तर झालेलं नाही."

तिने हे एवढ्या सहज म्हटलं की फिटरच्या हातातला चहा तसाच राहिला. तिच्या सगळ्या बाटल्या, वह्या आणि आकडेमोड एका बाजूला होती, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा एक शब्द. तिने तो शब्द खरा धरला होता आणि आपलं शिक्षण खोटं.

"चकती अडकत असेल," तो म्हणाला. "जुनी वस्तू. कधी कधी आतल्या आत तापत राहते."

हे बोलताना त्याला स्वतःची किळस आली. पण आशाही वाटली. दोष लोखंडावर ढकलता आला तर सगळेच सुटतील.

"मला पण तेच वाटलं होतं. काल खोलून तपासली मी. पन्नासला बरोबर बंद होते." ती बाटली पुन्हा पाण्यात ठेवत म्हणाली, "शुक्रवारी समितीला पत्र देते मी. तेल मागे घेते."

"वेडी आहेस का? दुसरं तेल काढ. पुन्हा चाचणी माग."

"काढेन रे. पण का बिघडलं ते मला माहीत नाही. जे मला कळत नाही ते शाळेच्या बॉयलरमध्ये कसं घालू? वर पोरं बसलेली असतात."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि वास फार येतोय असं काहीतरी पुटपुटली. फिटरने चहा न पिता कप खाली ठेवला. सांगायची वेळ ती होती. तिघंच होती, घरचीच होती, दार लोटलेलं होतं. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "येतो." तो लबाड आहे हे त्याला सोमवारपासून माहीत होतं. भित्रा आहे हे त्या दिवशी कळलं.

घरी बायकोने विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा माणूस तीन तीनदा साबण लावून हात धूत नाही."

तो चौथ्यांदा हात धुवायला गेला. तेलाचा वास गेला नाही.

शुक्रवारी अकराला समितीची बैठक वरच्या ऑफिसात होती. ऑफिसच्या काचेतून खाली तलाव दिसायचा. फिटरने बर्नर नीट लावला, दाब पाहिला, हात पुसले आणि तो जिना चढून वर गेला. कामाच्या मळक्या कपड्यांत तो ऑफिसात कधी गेला नव्हता. आत भाची उभी होती आणि तिचं पत्र टेबलावर होतं. अध्यक्षीणबाई चष्मा लावून ते वाचत होत्या.

"काय रे, गॅसचं काही आहे का?" मॅनेजरने विचारलं.

"नाही साहेब. ते पत्र वाचू नका."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तेल मी बिघडवलं," फिटर म्हणाला. वाटेत त्याने मोठं बोलणं जुळवलं होतं. थंडी, तपासणी, पोरीची काळजी, सगळं त्यात होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. "चकती मी फिरवली होती. सोमवारी सकाळी परत आणून ठेवली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

खालून कुणीतरी पाण्यात उडी मारल्याचा आवाज आला. फिटर भाचीच्या चपलांकडे बघत होता. ती रडेल, ओरडेल, निघून जाईल, या सगळ्याची तयारी त्याने केली होती.

"किती अंशांवर?" तिने विचारलं.

"नव्वद."

"किती वेळ?"

"शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत."

तिने वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं. नव्वद. मग तास मोजले आणि तेही लिहिले. लिहिता लिहिता तिचे खांदे सैल झाले आणि तोंडातून श्वास सुटला. "म्हणजे तेल चांगलं आहे," ती म्हणाली. हे ती कुणालाच उद्देशून बोलली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. रागाला फिटर तयार होता, पण ते हसू त्याच्याने बघवलं नाही. पाच दिवस ते त्याच्या खिशात होतं आणि त्याने तिला दिलं नव्हतं.

मग तिने फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, एक नंबर लावला. "मावशी, उद्यापासून कामावर या. नाही, तुमचा भुसा कोरडाच होता. माझं चुकलं. हो. मला माफ करा." माफी तिने मागितली. ज्याने मागायची तो बाजूला उभा होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिचं पत्र परत दिलं गेलं आणि एक महिन्याने दुसरी चाचणी ठरली. फिटरला लेखी समज मिळाली. त्याला वाटलं होतं काढून टाकतील. काढलं असतं तर एक काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं, पण बर्नर इतकी वर्षं सांभाळलेला दुसरा माणूस समितीकडे नव्हता. मॅनेजर भाचीला म्हणाला, "हीटरला जाळी बसवून कुलूप घालू. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"कुलूप नको," भाची म्हणाली. "अडचणीच्या वेळी हीटर बंद करायला यांचा हात पोचला पाहिजे."

कारण बरोबर होतं. फिटरला मात्र दुसरं एखादं कारण ऐकायचं होतं.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "ठिणगे, माफ कर. तुझ्यासाठीच करायला गेलो होतो."

ती दोन पायऱ्या खाली उतरली होती. वळून म्हणाली, "तापवलंस त्याचं मला काही नाही, मामा. चुकतं माणसाचं. पण मी तुझ्यासमोर बाटल्या घेऊन बसले होते." आणि ती उतरून गेली.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशीही थंडीच होती. तीच मंडळी, तोच टॉवेल खांद्यावर टाकलेला थर्मामीटर. या खेपेला शेडमधली ती पोक्त बाईही आली होती आणि दाराशी उभी होती. फिटरने तिच्याकडे बघायचं टाळलं, पण तिने लांबूनच नमस्कार केला आणि त्याला करावा लागला. गॅस पेटला, भट्टी तापली. भाची म्हणाली, "सोड." फिटरने तोटी उघडली. फवारा ज्योतीत शिरला, ज्योत पिवळी झाली आणि उभी राहिली. तपासनीस नळी घालून आकडे बघू लागला.

फिटरने डोळे मिटले नव्हते, तरी कानाने ते पकडलं. बारीकशी खरखर. अजून काचेत काही दिसत नव्हतं, मीटरवर काही नव्हतं. ते फक्त त्यालाच ऐकू येत होतं. आपण काही बोलूच नये असं त्याला वाटलं. त्याच्या बोलण्याला आता किंमत किती? पण दहा मिनिटांत शेपटी लांबणार होती.

"तेल जाड आहे," तो म्हणाला.

भाचीने झटकन मान वळवली. तिची नजर आधी चकतीवर गेली.

काटा लाल रेघेवर होता. मग ती नजर त्याच्या हातांवर आली आणि शेवटी चेहऱ्यावर. सगळं मिळून पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

"स्पिरिट आण," ती म्हणाली. "चार मापं."

त्याने डबा आणला, तिच्या डोळ्यांदेखत चार मापं मोजून टाकीत ओतली आणि ढवळलं. थोड्या वेळाने खरखर गेली. तपासनीसाने आकडे लिहून घेतले आणि अध्यक्षीणबाईंकडे बघून मान हलवली. दाराशी उभी असलेली बाई तोंडावर हात ठेवून हसली. तेल पास झालं.

आता तिन्ही बॉयलर त्या तेलावर चालतात. शेड मोठी झाली आहे. भाची दर आठवड्याला खाली येते, मामा म्हणते, बहिणीने दिलेला डबा त्याच्या टेबलावर ठेवते, थर्मामीटरच्या नव्या तक्रारी ऐकून हसते. वाकडा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. पण खोलीत पाऊल टाकलं की ती आधी चकतीकडे बघते आणि मग त्याच्याकडे. तिला स्वतःला ते कळत नसावं. फिटरला कळतं. म्हणून जिन्यात तिची पावलं वाजली की तो बर्नरच्या काचेशी जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहतो आणि तिचं बघून होईपर्यंत वळत नाही.